वीस माणसं घेऊन कोल्हापूरला येताय? आधी वार बघा

शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "सगळे मिळून अंबाबाईला येतोय, वीस-बावीस जण आहोत, टेम्पो ट्रॅव्हलर केलीय. चांगलं मटण कुठं मिळेल तेवढं सांग." तेवढं सांग म्हणे! जणू पत्ता कळला की ताटं वाढलेलीच असतात.

माझं मत स्पष्ट आहे. चांगलं मटण कुठं, हा चौघांचा प्रश्न झाला. चौघं लक्ष्मीपुरीत पद्माला जातील, पुणे-बंगळूर रस्त्यावर ओपलला जातील, देहातीची थाळी घेतील आणि ढेकर देत बाहेर येतील. वीस जणांची पंगत बसवायची तर हॉटेलच्या नावाचा उपयोग थोडा. तिथं वार बघावा लागतो, वेळ बघावी लागते आणि आदल्या दिवशी फोन करावा लागतो. नेमकं हेच कुणाला ऐकायचं नसतं. सगळ्यांना फक्त नाव हवं असतं, कारण नाव टाकलं की मोबाईलवर चांदण्या दिसतात. या चांदण्या कुणी दिल्या? बुधवारी साडेबाराला निवांत जेवून गेलेल्या नवरा-बायकोनं. तुम्ही जाणार रविवारी अडीचला, वीस तोंडं घेऊन. तेच हॉटेल, तोच आचारी, पण जेवण तेच असेल याची खात्री मी देणार नाही.

आता वार. अंबाबाईचे वार मंगळवार आणि शुक्रवार. लोक मुद्दाम त्या वारी दर्शनाला येतात, रांगेत तासन् तास उभे राहतात आणि बाहेर आल्यावर निम्मी मंडळी म्हणतात, "आज मला चालत नाही." काकूंचा गुरुवार, मामांचा शनिवार, नव्या सुनेचा सोमवार. बावीस जणांत सगळ्यांना चालेल असा वार शोधायचा म्हणजे पंचांगच घेऊन बसावं लागतं. बुधवार किंवा रविवार धरा. त्यातही जमलं तर बुधवार, कारण रविवारी अख्खं कोल्हापूर मटणाच्या दुकानासमोर उभं असतं. श्रावणात आणि नवरात्रात मटणाचा विषयच काढू नका. आषाढात मात्र उलटंच. मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रा असतात, घरोघरी यात्रेचं जेवण असतं आणि ऑर्डरचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते.

वेळेचं कारण पांढऱ्या रश्शात आहे, आणि ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, खड्या मसाल्याची फोडणी आणि ओल्या नारळाचं दूध. हे दूध पडलं की रस्सा खळखळून उकळू द्यायचा नसतो, नाहीतर फाटतो. त्यामुळं पातेलं मंद आचेवर असतं आणि वाट्या जातील तसा रस्सा खाली जात राहतो. अशात अडीच वाजता तुमची गाडी दारात लागते. वीस जण, माणशी चार वाट्या धरल्या तरी ऐंशी वाट्या रस्सा. उरलेलं पातेलं तेवढं कुठलं पुरणार? मग आत घाई होते, अळणीत पाणी वाढतं, आच मोठी होते आणि तुमच्यासमोर पातळ, कण धरलेला रस्सा येतो. तांबडा बिचारा सोशिक असतो, पुन्हा गरम केला तरी तर्री धरून राहतो. म्हणून उशिरा जेवलेले लोक गावाकडं जाऊन सांगतात, "तांबडा भारी होता, पांढऱ्यात काही राम नाही." राम होता, साडेबाराला होता.

दुसरी अडचण भाकरीची. रस्सा पातेल्यानं होतो, भाकरी एकेकच होते. थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, विस्तवावर फुगवायची. दोन तव्यांवर दोन बायका बसल्या तरी वीस माणसांच्या चाळीस भाकऱ्या काही पाच मिनिटांत होत नाहीत. हॉटेलात बाकीचीही टेबलं असतातच. त्यामुळं एका टोकाच्या लोकांचं जेवण उरकलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाचे रश्शात बोटं बुडवून बसलेले असतात. फोनवर माणसं सांगताना भाकरी किती आणि चपाती किती हेही सांगून टाका. पोरांना चपातीच चालते, मोठ्यांतल्याही निम्म्यांना भाकरीचं कौतुक पहिल्या भाकरीपुरतंच असतं.

फोन केला म्हणजे सगळं झालं असंही नाही. मागं आमच्याकडं पाहुणे आले होते तेव्हा एका मोठ्या हॉटेलला (नाव लिहीत नाही, हमरस्त्यावर आहे एवढंच) आदल्या दिवशी विचारलं, तर "या की, जागा भरपूर आहे" म्हणाले. जागा होती, पण पाच टेबलांवर आणि दोन खोल्यांत. ऐंशीच्या घरातल्या आत्या अनोळखी पोरांच्या टेबलावर आणि त्यांच्या गोळ्या दुसऱ्या खोलीत सुनेच्या पर्समध्ये. सुकं आमच्यापर्यंत येईस्तोवर संपलं. एकत्र जेवायला म्हणून दोनशे-अडीचशे किलोमीटर आलेली माणसं एकमेकांना मोबाईलवर विचारत होती, "तुमच्याकडं सोलकढी आली का?" म्हणून जागा आहे का असं विचारू नका. एका ओळीत बसवाल का, असं विचारा. उत्तर द्यायला जो क्षणभर थांबतो तो खरं बोलेल.

मला विचाराल तर पंधराच्या वर माणसं असली की हॉटेलचा नादच सोडावा आणि घरगुती खानावळ धरावी. गावात गल्लोगल्ली ऑर्डरप्रमाणे जेवण करून देणारी घरं आहेत. मटण तुम्ही आणून दिलंत तरी चालतं, ते किलोमागं करणावळ घेतात. त्यांच्या पाट्या लहान असतात, मोबाईलवर बहुतेक दिसतही नाहीत. रिक्षावाल्याला विचारा, लॉजवाल्याला विचारा, त्याहून बरं म्हणजे मटणाच्या दुकानात विचारा. कोण किती आणि कसलं मटण नेतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मी ज्यांना फोन करते त्या वहिनींशी माझं बोलणं साधारण असं होतं:

"ताई, किती मान्सं?"

"बावीस. त्यात पोरं पाच, न खाणारी चार."

"मग चार किलो पुरं हुईल. तिखट आपलं करू का पावण्यांचं?"

हा शेवटचा प्रश्न कुठलं हॉटेल विचारतं सांगा! तुमच्यासाठी म्हणून वेगळं पातेलं चढतं, भाकऱ्या तुम्ही यायच्या बेतानं सुरू होतात, सतरंज्या अंथरून एका ओळीत पंगत बसते आणि वाढणारी बाई आत्यांना "आज्जी, मऊ पीस घालू का?" म्हणून विचारते. गैरसोयी आहेत, त्या लपवत नाही. हात धुवायला एकच नळ, एसी नाही, मांडी घालून बसता न येणाऱ्यांसाठी खुर्च्या आधी सांगाव्या लागतात, आणि माणसं ऐनवेळी बावीसची पंधरा झाली तरी पैसे बावीसचे द्यायचे. ते मटण काही परत दुकानात जात नाही.

न खाणाऱ्यांचे हाल हा प्रत्येक ग्रुपचा ठरलेला किस्सा. त्यांना पनीरची कुठलीतरी लाल भाजी मागवून देतात आणि ते बिचारे शेजारच्या ताटातल्या हाडांकडं न बघता जेवतात. अरे, इथं अख्खा मसूर आहे, झुणका आहे, खर्डा-दही आहे, भरलं वांगं आहे. वहिनींना सांगितलं तर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं करून देतात. ज्यांना मांसाहाराच्या स्वयंपाकघरातलं पाणीही चालत नाही, त्यांना ओढून नेऊ नका. शहरात शुद्ध शाकाहारी थाळ्या ढिगानं आहेत, मंदिराजवळ अन्नछत्र आहे. दुपारी दोन तास वेगळं जेवल्यानं नाती तुटत नाहीत.

मिसळीचं तर मी ठामपणे सांगते, वीस जणांनी एकदम जाऊ नये. फडतरे असो, बावडा असो, बाकडी मोजकी आणि सकाळची रांग मोठी. दोन तुकड्या करा, पहिली तुकडी खाऊन दर्शनाला, दुसरी दर्शन करून खायला. आणि साडेदहाला कटात (मिसळीच्या तिखट रश्शात) स्लाइस बुडवून वर जादा कट मागणाऱ्यांनी साडेबाराला मटणाच्या पंगतीत बसून "भूकच नाही रे" म्हणू नये. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ खायची तर विचारच नको, उभ्या उभ्याच खायची असते, पन्नास जण असले तरी चालतात.

गाडी दसरा चौकात किंवा बिंदू चौकात लावा, महाद्वारात ट्रॅव्हलर घालायचा हट्ट धरू नका. भवानी मंडपाकडून परत येताना भाऊसिंगजी रस्ता लागतो. पाहुण्यांना मी तिथं मुद्दाम गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली आणि त्यांनी याच रस्त्यावर सत्यसुधारक हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, तर महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. बरोबरच्या बड्या मंडळींचे तेव्हा चेहरे कसे झाले असतील, हे मला फार वेळा बघावंसं वाटतं. कुणी कुणाबरोबर बसून खायचं यावर या गावानं इतकं काही बघितलंय, आणि आपण एसी रूम मिळाली नाही म्हणून रुसतो.

राहता राहिलं बिल. थाळीचा हिशोब सोपा असतो, माणसं गुणिले दर, त्यामुळं पैसे आदल्या रात्रीच गोळा करा, जेवण झाल्यावर कुणाचंच ऑनलाइन चालत नसतं. आणि कृपा करून "एक थाळी दोघांत चालेल का?" हे विचारू नका. चालत नाही. पाहुण्यांना याचा राग येतो, पण या बाबतीत मी मालकाच्या बाजूनं आहे. रस्सा अनलिमिटेड असतो तो ताटामागं. एक ताट घेऊन दोघांत आठ वाट्या पांढरा ओरपणाऱ्यांबद्दल गल्ल्यावरचा माणूस मनात काय म्हणतो, ते मला अस्सल कोल्हापुरीत ठाऊक आहे, पण हे माझे सासरेपण वाचणार आहेत.