"एक रुपयाही न लागता नर्मदा परिक्रमा": हा मेसेज पुढे पाठवण्याआधी माझी वही बघा

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय. इथल्या इंदोरच्या रामबागेतल्या काकू, पुण्याची मावसबहीण, माझ्या क्लासची जुनी मुलं, सगळ्यांनी. त्यात थोडक्यात असं आहे की नर्मदा परिक्रमेला, म्हणजे नर्मदेला पायी पूर्ण फेरी घालायला, एक रुपयाही लागत नाही, मैया (नर्मदा नदी) सगळं देते. रोज ३३ किलोमीटर चाललं की ९० दिवसांत होते. सामान नको, झोळी आणि घोंगडी बास. तयारी नको, मनात आलं की निघा. औषधं नकोत, मैयाचं जल हेच औषध. आणि मध्ये सोडली तर काहीच फळ नाही. माझा २४ वर्षांचा भाचा हे वाचून नोकरीचा राजीनामा लिहून बसलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

मी स्वतः पायी केली आहे. १० नोव्हेंबर २०२२ ला ओंकारेश्वरहून निघालो, ३१ मार्च २०२३ ला परत ओंकारेश्वरला, १४२ दिवस. अकाउंट्सचे क्लास घेतो त्यामुळे रोजचा खर्च लिहायची सवय आहे, ती वही अजून कपाटात आहे. आणि श्रद्धेनेच गेलो होतो, त्यामुळे "याचा विश्वासच नाही" असं कृपा करून कोणी म्हणू नका.

आधी पैसे, कारण सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतंय.

मैया देते हे खरंच आहे, १४२ दिवसांत मी एकदाही उपाशी झोपलो नाही. संध्याकाळी गावात शिरलं की कोणीतरी हाक मारतंच, "नर्मदे हर! कितनी मूर्ती हैं?" तिथे परिक्रमावासी मोजताना मूर्ती म्हणतात. आसन लावायला जागा मिळते, भोजन मिळतं, सकाळी बालभोग मिळतो, काही ठिकाणी सदाव्रत म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा मिळतो आणि आपण शिजवायचं असतं. पण मैया देते ती कोणाच्या तरी हातून देते ना, आणि तो हात कोणाचा हे मला शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे बडवानीच्या पुढच्या डोंगराळ जंगलात, कळलं. धडगावच्या अलीकडे एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या घरी आम्ही ११ मूर्ती उतरलो होतो, घर म्हणजे कुडाची एक खोली आणि पुढे पडवी. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ, पोटभर, आग्रह करकरून वाढलं. पहाटे मला जाग आली तेव्हा घरातली बाई रिकामा डबा घेऊन उतारावरच्या दुसऱ्या घरी चालली होती, आणि परत आली तेव्हा डब्यात पीठ होतं. आमच्या बालभोगासाठी तिने पीठ उसनं आणलं होतं. मी इंदोरचा, घरी आरओ, गिझर, दारात स्कूटर, आणि माझ्या नाश्त्यासाठी ती बाई पीठ मागायला गेली, हे माझ्याने गिळवेना. त्या दिवसापासून "फुकट" हा शब्द मी परिक्रमेच्या संदर्भात वापरत नाही.

बरं, पैसे हातात दिले तर ते लोक घेत नाहीत, वाईट वाटतं त्यांना, हे खरं आहे. मग द्यायचं कसं तर किराणा घेऊन जायचा. बडवानीला किंवा धडगावला चहा पावडर, साखर, गूळ, तेलाची पिशवी असं दोन किलोपर्यंत घ्यायचं आणि पुढच्या मुक्कामी चुलीजवळ ठेवून द्यायचं, काही बोलायचं नाही. घरात लहान मुलगी असेल तर कन्या म्हणून पाया पडून तिच्या हातात दक्षिणा ठेवायची, त्याला कोणी नाही म्हणत नाही. आश्रमात दानपेटी असतेच. आणि दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा, झाडीत बहुतेक ठिकाणी मला नेटवर्क नव्हतं त्यामुळे फोनवरून पैसे द्यायचा विचारच सोडा.

आता माझा हिशोब. निघण्याआधी बूट दोन जोड ३६००, बॅग २२००, मॅट आणि हलकी रजाई १७००, टॉर्च-पॉवरबँक १५००, औषधं ९००, पांढरे कपडे ११००, झाले ११,०००. वाटेत दान, दक्षिणा आणि दिलेला किराणा मिळून ९४००, चहा-फळं-बिस्किटं वगैरे स्वतःचं ६४००, नवे बूट १५००, मोबाइल रिचार्ज १२५०, डॉक्टर आणि औषध १८५०, समुद्रातली बोट, साबण, दाढी, किरकोळ १६००, शेवटची कढाई (मैयाला शिऱ्याचा नैवेद्य) आणि कन्याभोजन ४०००. म्हणजे २६,०००. एकूण ३७,०००, दिवसाला साधारण २६० रुपये पडले. याच्यापेक्षा स्वस्तात पाच महिने भारतात कुठे फिरता येईल मला माहीत नाही, पण ही रक्कम शून्य नाहीये भिया! शिवाय १०,००० वेगळे ठेवले होते, अचानक परत यावं लागलं तर, ते सुदैवाने लागले नाहीत.

आणि खरा मोठा खर्च तर वाटेवर होतच नाही. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे माझ्या क्लासचा ऐन परीक्षेचा सीझन, ती सगळी कमाई गेली, घराचा हप्ता चालूच, आईची औषधं चालूच, विजेचं बिल चालूच. निघण्याआधी दोन वर्षं मी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले, तेव्हा ते जमलं. भाच्याला पहिला प्रश्न मी हाच विचारला की मोटरसायकलचा हप्ता पाच महिने कोण भरणार, तो गप्प झाला.

९० दिवसांचा हिशोब सरळ करून बघा. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही तट मिळून २६२४, आणि काठाकाठाने सरळ रेषेत वाट कुठे आहे? सरदार सरोवर धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरायला लागल्यापासून खालच्या कितीतरी जुन्या वाटा पाण्याखाली गेल्यात, डोंगरावरून वळसा घ्यावा लागतो, तसंच इंदिरा सागर धरणाजवळही. माझं चालणं साधारण ३००० भरलं. त्याला ९० ने भागलं तर ३३ येतात खरे, पण एकही दिवस न थांबता, ताप आला तरी, पाऊस आला तरी. मी १२५ दिवस चाललो, रोज सरासरी २४, आणि १७ दिवस थांबलो. थंडीत दिवस लहान, अंधार पडायच्या आत मुक्कामाचं गाव गाठावं लागतं. रोज ३३ चा हट्ट धरलेले दोघं तरुण मला बडवानीच्या आधी भेटले होते, एकाचा गुडघा इतका सुजला होता की तिथूनच बसने घरी गेला. आणि परंपरेत तर ३ वर्षं ३ महिने १३ दिवस सांगितलेत, घाई कुठून आली यात?

सामानाचं थोडक्यात सांगतो. झोळी-घोंगडी खांद्याला एका बाजूला ओढते, दोन्ही खांद्यांची साधी बॅग घ्या, पाण्यासकट सात-साडेसात किलोच्या वर जाऊ देऊ नका. महागडी ब्रँडेड नको, माझी २२०० ची शेवटपर्यंत टिकली. जानेवारीत नेमावरच्या पुढे उघड्या ओसरीवर झोपलो तेव्हा रजाईची किंमत कळली, आणि अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, फेब्रुवारीतही रात्री हुडहुडी भरते. बूट अर्धा नंबर मोठे, पाय सुजतात.

"तयारी नको, कधीही निघा." नाही हो. चातुर्मासात परिक्रमा थांबवायची असते, आषाढी ते कार्तिकी, आणि यामागे नियमाइतकंच व्यवहारज्ञान आहे, पावसात उपनद्या आणि नाले चढलेले असतात. मार्चनंतर निमाडचं ऊन, खरगोनकडचा मे महिना आपल्या इंदोरवाल्यांना नव्याने सांगायला नको. म्हणून कार्तिकीनंतर लगेच निघणं सगळ्यात बरं. नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला समुद्रातून जाणारी बोट भरतीच्या वेळेवर सुटते, आपल्या वेळेवर नाही, तिथे एक-दोन दिवस बसावं लागू शकतं, ते दिवस आणि पैसे आधीच धरून ठेवा. तयारी म्हणाल तर मी तीन महिने दर रविवारी भरलेली बॅग घेऊन रालामंडलची टेकडी चढायचो आणि रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर त्याच बुटांत. पहिल्या आठवड्यात ज्यांचे पाय फुटले ते सगळे नवे कोरे बूट घालून आलेले होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता औषधाचा मुद्दा, आणि हा धोक्याचा आहे. "जल हेच औषध" म्हणून थेट नदीतून पिऊन आजारी पडलेले लोक मला भेटले. काठावरच्या शहरांचं सांडपाणी त्याच पात्रात जातं, ते आपणच सोडतो. आपल्या इंदोरच्या नळाला येणारं पाणीही मैयाचंच ना, जलूदहून ७० किलोमीटर उपसून आणलेलं, पण ते शुद्ध करूनच घरोघरी येतं, आणि म्हणून आपली भक्ती कमी होत नाही. पूजेच्या कुपीतलं जल वेगळं, प्यायचं हातपंपाचं किंवा गावकरी स्वतः पितात ते. ओआरएस, तापाच्या गोळ्या, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम आणि रोजची काही गोळी चालू असेल तर ती पुरेशी, एवढं तरी हवंच.

आणि एक गोष्ट जी त्या मेसेजमध्येच काय, कुठेच मला आधी कोणी सांगितली नव्हती. परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. ओंकारेश्वरचं मंदिर बेटावर, त्यामुळे चालू परिक्रमेत तिथेसुद्धा जाता येत नाही, ममलेश्वरला नमस्कार करून पुढे. आता विचार करा, दक्षिण तटावर आजारी पडलात तर? रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी (२८ एप्रिल १७४० ला तिथेच गेले ते, दहा मिनिटं नुसता बसून राहिलो होतो) माझ्या टाचेचा फोड चिघळला होता, अंगात कणकण होती, आणि इंदोर जेमतेम शंभर किलोमीटरवर, पण इंदोर मैयाच्या पलीकडे! ओलांडली की परिक्रमा खंडित. म्हणून उपचार दक्षिण तटावरच घेतले, चार दिवस थांबलो, तेच ते १८५० रुपये. तेव्हा कुठल्या टप्प्यात कुठल्या तटावर सरकारी दवाखाना आहे हे आधी वहीत लिहून काढा. दक्षिणेला खरगोन, बडवानी, नर्मदापुरम. उत्तरेला भरूच, आणि जबलपूर. आणि घरच्यांशी आधीच ठरवा की जिवावर बेतलं तर नदी ओलांडायची, विचारत बसायचं नाही. माझ्या बायकोने हे माझ्याकडून वदवून घेतलं होतं तेव्हाच मला जाऊ दिलं.

राहिलं "मध्ये सोडली तर फळ नाही". खंड परिक्रमा करणारे कितीतरी लोक आहेत, जिथे थांबले तिथून पुढच्या थंडीत पुन्हा सुरू करतात. बरमान घाटावर एक नागपूरच्या काकू भेटल्या, साठीच्या पुढच्या, शिक्षिका होत्या, दर वर्षी पाच आठवडे चालायच्या, तिसरं वर्ष होतं. म्हणाल्या, "मी पेन्शनीतून वर्षाला जेवढे बाजूला पडतात तेवढंच चालते, बाळा." त्यांच्या पिशवीत गुळाच्या ढेपीचे तुकडे कागदात बांधून ठेवलेले होते, प्रत्येक मुक्कामाच्या घरासाठी एक. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाड्याजवळची उत्तरवाहिनी (नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची छोटी परिक्रमा) आहे, एका दिवसात होते.

भाच्याने राजीनामा पाठवला नाही. पाच आठवड्यांची रजा मागितलीये, ओंकारेश्वर ते विमलेश्वर, कार्तिकीनंतर. काल बॅग भरून माझ्याकडे वजन करायला आला, नऊ किलो भरली. दोन जीन्स, एक स्पीकर आणि शाम्पूची मोठी बाटली बाहेर काढली तेव्हा सहा-साडेसहावर आली. बूट अजून घ्यायचेत, रविवारी राजवाड्याला जातोय आम्ही.