‘कोळ्यांना विचारलं की कामं रखडतात’ म्हणे!

हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो भाऊजींनी टाकला आणि त्याच्या जोरावर भाचीचं शाळेबरोबर ओहोटीला किनाऱ्यावर जाणंही रद्द करून टाकलं. भाऊजी, राग मानू नका, पण आता उत्तर द्यावंच लागेल.

मजकुराचा सारांश असा: मुंबईच्या समुद्रात जिवंत काही उरलेलं नाही. तरीही काही हौशी मंडळी कोळीवाडे, सण, किनारा-फेऱ्या यांतून शहराला समुद्राशी जोडायला निघालीत. कोळ्यांना विचारत बसलं की प्रकल्प रखडतात. नारळी पौर्णिमा आणि विसर्जन हेच खरं प्रदूषण. लोकांना फिरायला छान पदपथ द्या, पुरे. खरा समुद्र हवा त्याने कोकणात जावं.

‘जिवंत काही नाही’ हे आधी उरकतो. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून कुलाब्याकडे नेऊन लावावी लागली. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे, म्हणून त्यासाठी रीतसर परवानगी लागली. म्हणजे ही प्रवाळं सरकारी कागदावर आहेत, कोणा हौशी माणसाच्या कल्पनेत नाहीत. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी सामान्य लोकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव, जुहू, हाजी अलीकडे घेऊन जातात. तिथे समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो. अट एकच, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जायचं. भरतीला कठड्यावर उभं राहून ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याला काय दाखवणार? पाणी घाण आहे, हे मात्र खरं. त्याकडे शेवटी येतो.

आता तो कोळ्यांचा मुद्दा. माझं डोकं फिरलं ते इथे.

वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून निघतात. सागरी किनारा रस्ता सी लिंकला जोडणारा पूल नेमका त्यांच्या वाटेवर आला आणि खांबांमधलं अंतर ठरलं ६० मीटर. अभियंत्यांच्या हिशेबाने ते पुरेसं होतं. कोळी म्हणाले, पुरणार नाही. पावसाळी वारा, खडक आणि पाण्याची ओढ यांत होडी सरळ रेषेत जात नाही, बाजूला ढकलली जाते. समोरून दुसरी होडी आली तर दोघींनी खांब चुकवायचा कसा? त्यांनी १६० मीटर मागितले. निवेदनं झाली, आंदोलनं झाली, समुद्रात होड्या आडव्या घालून काम अडवलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागितले तेवढे मिळाले नाहीतच, पण आधीच्या दुप्पट झाले. एप्रिल २०२४ मध्ये तिथे १३६ मीटर लांबीची धनुष्याकृती तुळई बसली. त्याच पुलावरून आज सगळे, फॉरवर्ड करणारेसुद्धा, गाड्या हाकतात.

काम रखडलं हे खरं, पण ते का रखडलं? आराखडा कागदावर असतानाच त्या वाटेने रोज जाणाऱ्यांना बोलावलं असतं, तर खांब कुठे नको हे पहिल्याच बैठकीत कळलं असतं. मधला सगळा काळ आधी न विचारण्यात गेला आणि बिल फाडलं विचारण्याच्या नावावर.

शिवाय ‘कोळ्यांना समुद्राचं शास्त्र काय कळतं’ अशी एक मल्लिनाथीही त्यात आहे. बोंबलाची डोल जाळी पाण्यात रोवलेली असते. ती माशामागे धावत नाही, प्रवाह मासा आत आणून सोडतो. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (भरती-ओहोटी मंदावण्याचे दिवस) कधी, ओढ कुठल्या बाजूची, हे चुकलं की जाळं रिकामं. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पोटाशी बांधलेला आहे, त्यांना ‘भावनिक’ म्हणायचं?

सणांबद्दल अर्धं मान्य करतो, तेही नाइलाजाने. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि त्यांचे रंग पाण्याला घातक आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत त्या नकोत म्हटलं. विसर्जनानंतरच्या सकाळची चौपाटी मीही पाहिली आहे. पण नारळी पौर्णिमेला त्याच माळेत ओवणं हा निव्वळ आळस. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळ वाहून मगच दर्यात जायचं, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. आज सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतं, त्यामागे माशांच्या विणीचा काळ हे एक मुख्य कारण आहे. हल्ली सगळ्याच होड्या पौर्णिमेपर्यंत थांबत नाहीत हेही खरं, पण त्याचा दोष नारळाला कसा देणार?

पदपथाला माझा विरोध नाही. मीही संध्याकाळी चालतो. फक्त तिथून समुद्र हा एक देखावा असतो, त्यात काय चाललंय ते कळत नाही.

राहिलं कोकण. खुशाल जावं. पण वरळी-वांद्र्याला सांडपाण्याचे पाइप समुद्रात तीन किलोमीटरहून आत नेलेत, ते तुम्ही कोकणात गेलात म्हणून थांबत नाहीत. ते पाणी नीट शुद्ध व्हावं म्हणून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. त्यांचं काम कुठवर आलं, हे नगरसेवकाला कोण विचारणार? ज्याने हाजी अलीच्या खडकावर वाकून एकदा तरी जिवंत प्रवाळ पाहिलंय तो विचारेल, की ज्याला ‘तिथे काहीच नाही’ असं लहानपणीच सांगून घरी बसवलंय तो?