जिमनंतर सी आणि ई? फॉरवर्डमधला डोसच फॉरवर्डला खोटं पाडतो

फिटनेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज साधारण असा: "व्यायामाने फ्री रॅडिकल्स तयार होतात. ते स्नायूंच्या पेशी जाळतात. म्हणून जिमनंतर व्हिटॅमिन सी ५००च्या दोन गोळ्या आणि ई ४००ची एक कॅप्सूल घ्या. रिकव्हरी झटपट, साइड इफेक्ट शून्य." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीची त्याच्या जिवावर खपतात.

"फ्री रॅडिकल्स तयार होतात." होतात की. हे म्हणजे इतर रेणूंशी चटकन प्रक्रिया करणारे अस्थिर रेणू. दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ते वाढल्याचं १९८२ सालीच दिसलं होतं.

"पेशी जाळतात." खरी गडबड इथे आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की नॅडपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. नेहमीच्या व्यायामात ते इतकं थोडं असतं की जाळपोळ दूरच. ठरावीक प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर प्रक्रिया करून ते त्यांचं काम बदलतं आणि पी३८सारखी, निरोप पुढे पोचवणारी किनेज एन्झाइम्स जागी होतात. आकुंचनासाठी सुटलेलं कॅल्शियम आणि ऊर्जा खर्चल्यावर वाढलेलं एएमपी यांचेही निरोप त्याच वेळी निघालेले असतात. हे बरेचसे निरोप पीजीसी-१ अल्फा या प्रथिनापाशी पोचतात, आणि ते जनुकांना नवे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, घडवण्याच्या कामाला जुंपतं. शिवाय स्नायू सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही स्वतःची अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्ससारख्या रेणूंना निकामी करणारी, एन्झाइम्स जास्त बनवू लागतो. सी आणि ई हीही अँटिऑक्सिडंटच. म्हणजे बाटलीतून विकत घ्यायचं ते घरचंच तयार होत असतं, फक्त हायड्रोजन पेरॉक्साइड या निरोप्याला वाटेत अडवायचं नाही.

"गोळ्या घ्या, झटपट भरून येईल." मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ साली जर्मनीत निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) ई दिलं. मेसेजमधलाच डोस, अगदी तंतोतंत! गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर देतं ती दाद, सुधारली, घेणाऱ्यांची नाही. पीजीसी-१ अल्फा आणि वरची एन्झाइम्सही त्यांच्यात तशी वाढली नाहीत. आपल्याकडे कितीतरी लोक साखरेच्या धास्तीनेच सकाळी चालायला बाहेर पडतात. त्यांच्या ग्रुपवर हा मेसेज यावा, हे मला जास्त खटकतं. अंगदुखीचं म्हणाल, तर अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी दुखणं जाणवण्याइतकं कमी होत असल्याचं आढळलं नाही.

आता उलट टोकाला जाऊन "गोळ्यांनी व्यायाम वाया जातो" असा मेसेज कुणी बनवू नये. नॉर्वेत २०१४ साली ११ आठवड्यांच्या प्रयोगात गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची एक खूण वाढली नाही, पण दम दोन्ही गटांचा सारखाच वाढला. सगळेच प्रयोग एका सुरात बोलत नाहीत.

"साइड इफेक्ट शून्य" यावर वेगळं बोलायला नको.

आणि हो, पेरू-आवळा बंद करू नका. पेरूतून १००० मिलिग्रॅम सी हवं तर रोज जवळपास अर्धा किलो पेरू खावे लागतील, आणि ४०० आययू ई तर जेवणातून मिळणं अशक्यच. डॉक्टरांनी कमतरतेसाठी गोळी लिहून दिली असेल, तर ती मात्र त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.