मरायच्या टायमाला टायपिंग

परवा शाळेच्या ग्रुपवर वाद झाला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आमचा एक मित्र परभणीजवळ झेडपीच्या शाळेवर मास्तर आहे, त्यानं साधी माहिती टाकली होती की पोलीस, अँब्युलन्स लागली तर ११२ ला फोनच लावावा लागतो असं नाही, सरकारच्याच माहितीत एसएमएस, ॲप, ईमेल असे बाकीचे रस्तेपण दिलेत, गावात सांगत जा. झालं. हसायच्या इमोजींचा पाऊस. एकजण म्हणतो, "मरायच्या टायमाला टायपिंग कोण करायलंय?" दुसरा म्हणतो, "आपल्याकडं माणूस बोंबलला की गल्ली गोळा होते, मेसेज साहेबाच्या देशात." साहेबाच्या देशात म्हणजे मलाच, कारण ग्रुपवर इंग्लंडात, शेफील्डला राहणारा मी एकटाच.

तर आता साहेबाच्या देशाचंच सांगतो. इथं आपल्या ११२ सारखा ९९९ आहे, त्याला एसएमएस जातो. आधी 'रजिस्टर' एवढा एक शब्द ९९९ ला पाठवायचा, माहिती येते, तिला 'यस' म्हणायचं, नंबर नोंदला गेला. सोय केली मुळात ऐकू-बोलू न येणाऱ्यांसाठी, पण पीक डिस्ट्रिक्टला डोंगर चढायला जाणारी धडधाकट माणसंपण नोंदणी करून ठेवतात, कारण वर रेंज अशी की कॉल लागत नाही पण मेसेज कसातरी निसटतो. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी केलीय, कुणी हसलं नाही. मेसेजात काय लिहायचं तेपण ठरलेलं, पोलीस पाहिजे का अँब्युलन्स, झालं काय, आणि नेमकं कुठं. मधला माणूस तो मेसेज ९९९ वाल्याला वाचून दाखवतो आणि उलट उत्तर टाइप करून पाठवतो. उत्तराला साधारण दोन मिनिटं लागतात, तीन मिनिटांत आलं नाही तर परत पाठवायचा. उत्तर येईपर्यंत मेसेज पोचला असं धरायचंच नाही. आणि ज्याला बोलता येतं त्यानं कॉलच करावा हे इथंपण सांगतात, अमेरिकेतपण ९११ वाले तेच सांगतात. म्हणजे टायपिंग कोण करायलंय याचं उत्तर सोपं आहे, ज्याला बोलता येत नाही तो करायलाय.

दरवाजा लावून नवरा बाहेर बसलाय आणि बाई आत फोन घेऊन आहे, तिनं बोंबलायचं का? गल्ली गोळा होते म्हणे. होते की, आणि "घरचा मामला आहे" म्हणून परत पण जाते, हे काय मला परभणीत वाढून माहीत नाही का. इथं अशा बाईला ९९९ लावून काहीच बोलता आलं नाही तर मोबाईलवर ५५ दाबायची सोय आहे, दाबलं की कॉल पोलिसांकडं जातो. आणि आपली ११२ ची यंत्रणा तरी कुठून आली, बायांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया फंडातून आली, म्हणजे ती सुरूच झाली अशा बायांसाठी आणि आपण तिच्यावर इमोजी टाकायलोत.

बीडकडची ऊसतोडीची माणसं घ्या. कारखान्याच्या फडावर कोपी म्हणजे झोपडी, रात्री बाईला कळा सुटल्या की पहिला फोन १०८ च्या अँब्युलन्सला नाही, मुकादमाला. मुकादम गाडी बघणार. पत्ता काय सांगायचा हा प्रश्न वेगळाच. आमच्या आखाड्याचा, शेतातल्या घराचा, पत्ता म्हणजे कॅनॉलच्या पुलावरून खाली, लिंबाच्या झाडाला उजवीकडं, मग कुणालाबी विचारा. महाराष्ट्राचा ११२ चा कॉल आधी नवी मुंबईला जातो, तिकडून आमच्या पोलिसांना. तिथं बसलेल्या पोरीनं लिंबाचं झाड कुठं शोधायचं? लोकेशन टाकलं तर विषय मिटला. गंमत म्हणजे इथं स्मार्टफोनवरून ९९९ लावला की फोन आपणहून मागच्या मागं लोकेशनचा एसएमएस पाठवतो, लावणाऱ्याला कळतपण नाही. म्हणजे कॉलच्या पोटात पण मेसेजच. आणि जगात जर्मनी भारतात परभणी म्हणणाऱ्यांनो, तुमच्या जर्मनीनं २०२१ ला नोरा नावाचं ॲप काढलं, तोंड न उघडता मदत मागायचं.

आता कुणीतरी म्हणणार की तिकडची अँब्युलन्स तरी वेळेवर येते का. नाही येत. हार्ट अटॅकसारख्या केसला सरासरी १८ मिनिटांचं टार्गेट आहे आणि ते चुकतं, पेपरात रोज रडगाणं असतं. पण तो विषय वेगळा, आपण मेसेजबद्दल बोलायलोत. आणि आपल्या १०८ बद्दल माझं काही म्हणणं नाही, २०१४ ला ती आली तेव्हा गावोगाव जीव वाचले हे मीच इथं लोकांना अभिमानानं सांगत असतो.

एक मात्र मान्य, आपल्याकडं एसएमएस कोण वाचतं. आईचा एसएमएसचा डबा लोनच्या ऑफर, रीचार्ज आणि ओटीपीनं भरलाय, बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. आणि लोक लिहिणार ते इंग्रजी अक्षरातलं मराठी, नांदेडकडं त्यात हिंदी-उर्दू मिसळलेलं, ते समोरच्याला वाचता आलं पाहिजे, उत्तर आलं पाहिजे, नाहीतर पाठवणारा स्क्रीनकडं बघत बसतो. यावर ग्रुपवर वाद घातला असता तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. पण नाही, इमोजी.

एकानं शेवटी लिहिलंच, "तुझं काय जातंय, तू तर तिकडं."

माझी आई जातीय ना त्यात. वडील गेल्यापासून परभणीत एकटी आहे आणि तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, कानाचं मशीन टोचतं म्हणून डब्यात. फोन केला की प्रत्येक गोष्टीला "हां हां" म्हणती. टायपिंग मात्र फर्स्टक्लास, भाचीनं शिकवलंय. म्हणजे मरायच्या टायमाला टायपिंग करणारी माझ्या घरातच आहे, आणि ती मेसेज करणार कुणाला तर मला. मी इथून ११२ लावला तर तो शेफील्डात वाजतो, कारण इथं ११२ म्हणजे ९९९ च. इंग्लंडची पोरगी विचारणार पोलीस, फायर का अँब्युलन्स, तिला काय परभणी सांगू? २०२४ ला हिंगोलीकडं भूकंपाचे धक्के बसले तेव्हा सगळे एकदम फोन लावायले होते, लाइन मिळेना, शेवटी शेजारच्या पोराचा मेसेज आला, "काकू ठीक, बाहेर आणून बसवलंय." म्हणजे ज्या गल्लीला मी वर नावं ठेवली ती गल्लीच. सातासमुद्रापार बसून मी यंत्रणेच्या गप्पा मारतो आणि माझी यंत्रणा म्हणजे ते पोरगं.

यातलं मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्या पोराला तेवढं सांगितलं की आईच्या फोनमधले सगळे फालतू मेसेज उडव, ११२ चा नंबर सगळ्यात वर आणून ठेव आणि ते ११२ चं ॲप टाकून दे. तो म्हणला, "दादा, काकूला मलाच मेसेज करू द्या, दोन मिनटात येतो मी." येईल, येतोच तो. पण पुण्यात त्याचे इंटरव्ह्यू चालू आहेत, मला माहीत आहे, त्याचा बायोडेटा मीच नीट करून दिलाय.