एका पोरीचं आधार जुळेना म्हणून सहावी ते आठवीला शून्य शिक्षक

संचमान्यता आली एकदाची, म्हणजे पटावरच्या पोरांमागे शाळेला किती शिक्षक मंजूर त्याचा सरकारी कागद. सहावी ते आठवी, मंजूर शिक्षक शून्य. अहो वर्गात वीस पोरं बसलीयत, रोज हजेरी होते, दुपारी खिचडी शिजते, आणि कागदावर पट एकोणीस! का, तर सातवीतल्या एका पोरीचं आधार मिसमॅच. आधारवर जन्मतारीख पडलीय 1 जानेवारी, शाळेच्या रजिस्टरला दुसरी, एवढाच फरक. पोरगी पहिल्या बाकावर बसते, फळ्यावर जाऊन अपूर्णांक सोडवते, पण पट मोजणाऱ्या सरकारी पोर्टलच्या लेखी ती नाहीच. तिची आई मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालतेय, सेंटरवाला म्हणतो जन्मदाखला आणा, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे नोंद नाही, कारण पोरगी जन्मली ऊसतोडीला गेल्यावर, परजिल्ह्यात, फडावर. आता कुठून आणायचा दाखला? आणि तो मिळेपर्यंत बाकीच्या एकोणीस जणांनी काय करायचं?

15 मार्च 2024 चा तो शासन निर्णय, वीसच्या खाली गेलात की शिक्षकच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक लिहिलाय, गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र प्रत्येकाला माणूस पाहिजे म्हणून लिहिलंय. संसदेचा कायदा आहे तो! आणि आधार कशाला, तर म्हणे बोगस पट नको. पण तो बोगस पट दाखवला कुणी? ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत लाखो खोटी नावं सापडली, ती काय या पोरांनी लिहिली होती? तेव्हाचे खाऊन मोकळे झाले आणि आज खऱ्या पोरांना आपण आहोत याचा पुरावा द्यावा लागतोय.

वर साहेब विचारतात, पट का घसरला. घसरणारच ना! राज्याचा जननदर 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 वर आलाय, घरटी चार-पाच पोरं होती तिथे आता दोन. तुम्हीच भिंती रंगवून सांगितलं ना लहान कुटुंब ठेवा, लोकांनी ऐकलं, मग शिक्षा शाळेला कशाला? त्यात सकाळी ती पिवळी व्हॅन येते. दारातून भाऊ टाय लावून व्हॅनमध्ये बसतो आणि त्याच दारातून बहीण चालत झेडपीच्या शाळेत येते. त्या पालकांचाही मला भयंकर राग येतो, फी भरायची ती पोरासाठीच. आमच्या वीसात तेरा पोरी आहेत. म्हणजे हा शून्य पडतो कुणावर ते बघा जरा.

आणि व्हॅन भरली तरी कशामुळे? गणिताची जागा वर्षानुवर्षं रिकामी, जे गुरुजी आहेत ते कधी बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला, कधी सर्वेक्षणाला, उरलेला वेळ मोबाईलवर माहिती भरा. शिक्षक नाही म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून शिक्षक काढतात, आणि वर आम्हालाच विचारतात पट का घसरला!

म्हणे समायोजन करू, म्हणजे पोरं शेजारच्या गावच्या शाळेत घालू. मध्ये ओढा आहे, एसटी नाही, पावसाळ्यात मोठी माणसं अडकतात. पोरगं जाईल सायकलवर, पोरीला कोण पाठवणार? ती घरी बसेल, दिवाळीनंतर आईबापामागे फडावर जाईल आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतील. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, साहेबांनाही.

सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. ठराव करायचा आणि सगळ्या पालकांनी मिळून तालुक्याला जायचं. सोबत वीसच्या वीस पोरं न्यायची आणि साहेबांना म्हणायचं, मोजा.