एक खिळा बदलायचा होता, बस्स!

दरवर्षी तेच. आषाढ सरत आला की होडीवरचे झाप काढायचे आणि स्वतःला सांगायचं, यंदा फक्त रंगाचा एक हात. आजोबांची शिडाची होडी, वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि हट्टीपणात त्यांच्यावर गेलेली.

यंदा एक खिळा गंजलेला दिसला. उपटला, तर फळीचा भुगा हातात. फळी काढली, तर आतली बरगडी कुजलेली. तांब्याच्या खिळ्यांत कुणीतरी एक लोखंडी ठोकून ठेवलेला! (बहुधा मीच, पण ते राहू दे.) खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड दुप्पट जोमाने गंजतं, हे आता सगळा गाव मला शिकवतोय.

बरं, पाणी आत शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा तर लाकूड कोरडं हवं. जुलैत कोकणात कोरडं काय असतं? माझा घसा. तासभर उघडीप मिळाली की ब्रश शोधायचा, ब्रश सापडला की सर आलीच.

‘वरून फायबरचा थर मारून टाक ना’ म्हणणाऱ्यांना तर मी आता चहाही विचारत नाही. अरे, ओल्या लाकडावर फायबर धरत नाही, आत पाणी कोंडतं आणि वरून चकाचक दिसणारी होडी आतल्या आत कुजत राहते.

३१ जुलैला यांत्रिक बोटींची पावसाळी मासेमारीबंदी संपली. सगळे ट्रॉलर निघाले. माझी होडी अजून ओंडक्यांवर. नारळी पौर्णिमेचा नारळ बहुतेक किनाऱ्यावरूनच टाकणार मी.

आणि हो, आज सकाळी शीड उलगडलं. उंदरांनी तिथेही जेवण उरकलंय.