ट्रक कुणाचा यापेक्षा गाव कुठलं

पूर आला की महाराष्ट्रात तोच वाद पेटतो: मदत सरकारमार्फत द्यावी की संस्थांनी थेट गावात न्यावी? २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात तर पाकिटांवर कुणाचे फोटो, यावरूनही भांडण झालं. जिनिव्हात मदतसंस्थांच्या समन्वयाचं काम बघताना वाटतं, खरा प्रश्न यात बाजूलाच राहतो: कुठल्या गावाला अजून काहीच पोचलेलं नाही?

संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ‘क्लस्टर’ पद्धत आणली. आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी-स्वच्छता युनिसेफकडे, अशी वाटणी. तिच्यातही खोट आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या बंदिस्त तळावर, बऱ्याचशा इंग्रजीत झाल्या आणि स्थानिक संस्था बाहेर राहिल्या. त्या बैठकांची नक्कल आपल्याला नको. जिल्ह्याचा प्रमुख कोण, हे आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ठरवलेलंच आहे: जिल्हाधिकारी.

त्या पद्धतीतून घ्यावा तो एक तक्ता: कोण, काय, कुठे. प्रत्येक ओळीत संस्था, फोन, गाव, वस्तू, किती कुटुंबं, कधी. पाकिटं मोजू नयेत, कुटुंबं मोजावीत. गावाच्या नावाशेजारी जनगणनेचा कोड हवाच, कारण एका नावाची दोन गावं असतात आणि एकाच गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलं जातं. सगळ्यात घातक नोंद म्हणजे ‘नियोजित’. संस्था गाव अडवून ठेवते, गाडी जात नाही, आणि तक्त्यावर मात्र गाव भागलेलं दिसतं. म्हणून ठरलेल्या तारखेनंतर ४८ तासांत ‘पूर्ण’ची नोंद आली नाही, तर ते गाव पुन्हा रिकामं धरावं.

गरजेचा आकडाही तिथेच लिहावा. मदतकार्याच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. पाच हजार वस्तीला ७५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. ‘टँकर पाठवला’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे गणित एकदा करावंच.

हा तक्ता रोज संध्याकाळी तहसील कार्यालयाच्या भिंतीवर आणि व्हॉट्सॲपवर मराठीत लागावा. पुण्या-मुंबईहून गाडी भरण्याआधी हा तक्ता सांभाळणाऱ्या तहसीलच्या टेबलावर फोन व्हावा आणि ‘हा माल नको’ म्हणायचा अधिकार तिथल्या माणसाला असावा. जुने कपडे तर पाठवूच नयेत: ते निवडायला माणसं अडकतात आणि त्यांच्या ढिगाखाली शाळेच्या त्याच खोल्या जातात, जिथे पूरग्रस्तांना झोपायचं असतं.